लिंक तुटल्यावर विमान कोणाचे ऐकणार? मानवरहित लढाऊ विमानांना मंजुरी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मानवरहित लढाऊ विमानांचे प्रकल्प मंजूर करणारे, त्यांची रचना करणारे, चाचण्यांचे वेळापत्रक ठरवणारे आणि ती सैन्यदलांसाठी स्वीकारणारे सर्व जबाबदार अधिकारी यांस,

महोदय आणि महोदया,

‘लिंक तुटल्यानंतरच्या वर्तनाच्या उर्वरित चाचण्या शस्त्र-जोडणीनंतरच्या टप्प्यात घेण्यात याव्यात.’ एका प्रकल्पाच्या आढावा बैठकीच्या इतिवृत्तातले हे एक वाक्य आहे आणि त्या बैठकीला मी हजर होतो. प्रकल्पाचे, संस्थेचे किंवा कोणत्याही व्यक्तीचे नाव मी या पत्रात घेणार नाही, कारण हे वाक्य एकाच ठिकाणी लिहिले गेले असते तर खुले पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती. वेगवेगळ्या ठिकाणी काम केलेल्या सहकाऱ्यांशी बोलताना तोच निर्णय निरनिराळ्या शब्दांत मला पुन्हा पुन्हा ऐकू आला आहे. आधी विमान उडवून दाखवायचे, मग शस्त्र लावून दाखवायचे आणि जमिनीवरचा माणूस व विमान यांच्यातला दुवा, म्हणजे लिंक, तुटल्यावर ते विमान काय करील, हा प्रश्न पुढे ढकलायचा. हा क्रम उलटा आहे आणि तो मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

मी उड्डाण-चाचणी अभियंता होतो. नोकरीची बहुतेक वर्षे टेलिमेट्रीच्या, म्हणजे उडत्या विमानाकडून रेडिओने येणाऱ्या नोंदींच्या, पडद्यांसमोर गेली. मानवरहित लढाऊ विमाने घडवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. जिथे वैमानिकाला पाठवणे म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यूच्या तोंडी देणे असते, तिथे यंत्र जावे, या विचाराने मी या कामात आलो आणि तो विचार मला आजही योग्य वाटतो. म्हणूनच हे काम अर्धवट तपासून पुढे रेटलेले मला सोसत नाही.

माझ्या आग्रहामागे एक दिवस आहे, तो सांगतो. ते विमान लहान होते, निःशस्त्र होते आणि चाचणी-क्षेत्र रिकामे केलेले होते. उड्डाणाच्या बाविसाव्या मिनिटाला लिंक गेली. ठरल्याप्रमाणे विमानाने उंची वाढवली, घिरटी घातली, नेमून दिलेला वेळ वाट पाहिली आणि परतीचा मार्ग धरला. इथपर्यंत सारे योग्य होते आणि कंट्रोल रूममध्ये कोणी अस्वस्थही नव्हते. मग चाचणी-क्षेत्राच्या रडारवरची रेषा भलत्याच दिशेला वळली. आदल्या आठवड्यात दुसऱ्या तळावरून झालेल्या उड्डाणाचा परतीचा बिंदू विमानाच्या स्मरणात तसाच राहून गेला होता आणि विमान अत्यंत आज्ञाधारकपणे, रिकाम्या केलेल्या क्षेत्राच्या सीमेबाहेर, त्या बिंदूकडे निघाले होते. सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतंत्र रेडिओवर चालणारी उड्डाण-समाप्तीची कळ दाबली, इंजिन बंद पडले आणि विमान मोकळ्या जमिनीवर कोसळले. कोणालाही इजा झाली नाही.

चौकशीत ‘मोहिमेची फाइल भरताना झालेली मानवी चूक’ असे कारण नोंदवले गेले. ती फाइल भरणाऱ्या तरुण तंत्रज्ञाच्या माथी खापर फुटले, त्याची बदली झाली आणि त्याला पुन्हा कधी उड्डाणाच्या कामावर घेतले गेले नाही. जुना बिंदू स्मरणात असताना विमानाने उड्डाणालाच नकार का दिला नाही, ही साधी पडताळणी सॉफ्टवेअरमध्ये का नव्हती आणि लिंक तुटण्याच्या अशा किती परिस्थिती आपण तपासल्याच नाहीत, हे प्रश्न मी टिपण करून दिले. टिपण फाइलला लागले. त्यानंतर काही महिन्यांनी पत्राच्या सुरुवातीला दिलेले वाक्य इतिवृत्तात आले.

त्या दिवशी आमच्या हाताशी निदान ती कळ होती. प्रत्यक्ष लढाईत काय होते, याचे उदाहरण 5 ऑक्टोबर 2024 रोजी युक्रेनच्या पूर्व भागात कोस्त्यान्तिनिव्का शहराजवळ साऱ्या जगाने पाहिले. रशियाचे एस-70 ‘ओखोत्निक’ हे सुमारे 20 टनांच्या वर्गातले मानवरहित लढाऊ विमान रशियाच्याच लढाऊ विमानाने पाडले आणि त्याचे अवशेष युक्रेनच्या ताब्यातील भूभागावर पडले. नियंत्रण सुटलेले विमान प्रतिपक्षाच्या हाती जाऊ नये म्हणून ते पाडले असावे, असाच अर्थ जाणकारांनी लावला. ज्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट 2019 मध्ये झाले होते, त्या विमानाचा शेवट करण्याचे काम सोबतच्या वैमानिकावर येऊन पडले आणि तरीही अवशेष हाती लागायचे ते लागलेच. त्याआधी डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकेचे आरक्यू-170 हे टेहळणी विमान इराणने जवळजवळ अखंड अवस्थेत जगाला दाखवले होते. ते कसे हाती आले याबद्दल दोन्ही बाजूंचे दावे वेगळे आहेत. पण ते विमान आपल्या तळावर परतले नाही आणि नष्टही झाले नाही, एवढी गोष्ट वादातीत आहे.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की लिंक तुटल्यावर काय करायचे हा निर्णय प्रत्यक्षात कोणीच घेत नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये आपोआप शिरतो. उंची वाढव, घिरटी घाल, वाट पाहा, परत ये, हा क्रम टेहळणी विमानांच्या काळापासून चालत आला आहे आणि शांततेच्या आकाशात तो उत्तम आहे. उंची वाढवली की जमिनीवरचा अँटेना पुन्हा दिसण्याची शक्यता वाढते आणि घिरटी घातली की माणसांना विचार करायला वेळ मिळतो. परंतु शत्रूच्या रडारच्या टप्प्यात शिरलेल्या लढाऊ विमानाने उंची वाढवणे म्हणजे स्वतःला उघडे पाडणे आहे, एकाच जागी घिरट्या घालणे म्हणजे नेम धरायला सवड देणे आहे आणि ठरलेल्या वाटेने सरळ तळाकडे येणे म्हणजे तळाचा पत्ता सांगणे आहे. ज्या आकारामुळे ते विमान समोरून रडारला जेमतेम दिसते, तोच आकार वळताना आणि चढताना पोट किंवा पंखाची बाजू दाखवून बसतो. म्हणजे शांततेतले सर्वांत सुरक्षित वर्तन युद्धातले सर्वांत घातक वर्तन ठरू शकते. या दोहोंतून कोणत्या परिस्थितीत काय निवडायचे, विमान गमावायचे की शत्रूला सापडू द्यायचे, मोहीम सोडायची की आधीच ठरलेले काम पूर्ण करायचे, हा लष्करी निर्णय आहे. तो मोहिमेच्या प्रमुखाने घ्यायला हवा. माझ्या अनुभवात तो एखाद्या सॉफ्टवेअर अभियंत्याने, आधीच्या प्रकल्पातली कार्यपद्धती उचलून, कोणी विचारले नाही म्हणून घेतलेला असतो.

यावर मला अनेकदा सांगितले गेले आहे, की लिंक तुटणे हा अपवाद आहे आणि अपवादासाठी प्रकल्प थांबवता येत नाही. चाचणी-क्षेत्रात तो अपवाद असेल. युद्धात शत्रूचे पहिले काम तेच असते. युक्रेनमधल्या युद्धात दोन्ही बाजूंचे जॅमिंग, म्हणजे रेडिओ संदेशांत मुद्दाम आणलेला अडथळा, इतके दाट झाले, की लहान स्फोटक ड्रोनना रेडिओऐवजी मागे उलगडत जाणाऱ्या प्रकाशतंतूच्या तारेने जोडण्याचा मार्ग दोन्ही सैन्यांनी पत्करला. शेकडो किलोमीटर आत जाणाऱ्या जेट विमानाला तारेने बांधता येत नाही. पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहामार्गे जोडावे, तर त्याची भूस्थिर कक्षा 35,786 किलोमीटर उंचीवर आहे. जमिनीवरून निघालेला आदेश उपग्रहामार्गे विमानापर्यंत जायला सुमारे पाव सेकंद आणि विमानाचे चित्र परत यायला आणखी पाव सेकंद निव्वळ अंतरापोटी जातो. चित्र संकुचित करणे, सांकेतिक करणे आणि उलगडणे यांचा वेळ त्यात मिळवला, की विलंब एका सेकंदाच्याही पुढे जातो. प्रेडेटर आणि रीपर या अमेरिकेच्या दूरनियंत्रित विमानांची उड्डाणे व उतरणी वर्षानुवर्षे धावपट्टीजवळ बसलेली वेगळी तुकडी करत असे, त्यामागचे कारण हेच होते. जो दुवा विमान उतरवण्याइतकाही चपळ नाही, त्याच्या भरवशावर हवाई लढाई लढता येणार नाही, हे आपण जाणता. म्हणूनच विमानाला स्वतःचा निर्णय घेण्याची मुभा देण्याकडे सारे वळले आहेत आणि म्हणूनच माझा प्रश्न अपवादाचा राहिलेला नाही.

दुसरी तक्रार पहिल्यातूनच निघते आणि तिच्याकडे अजून फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे. लिंक तुटते त्या क्षणी शस्त्राची अवस्था काय असेल, याचा विचार केला जात नाही. शस्त्रकप्प्याचे दार उघडे असू शकते. दोन बॉम्बपैकी एक सुटला आणि दुसरा अडकला, असेही होऊ शकते. मग ते विमान त्या अडकलेल्या बॉम्बसह कोणत्या धावपट्टीवर उतरवायचे? आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे मारा करण्याची परवानगी. माणसाने परवानगी दिली, ती विमानापर्यंत पोहोचली आणि लगेच लिंक गेली, तर ती परवानगी किती वेळ खरी मानायची? दहा सेकंद, दोन मिनिटे की इंधन संपेपर्यंत? परवानगी देणाऱ्याने जे दृश्य पाहून ती दिली होती ते दृश्य दोन मिनिटांत पार बदललेले असू शकते. रस्त्यावर आता दुसरेच वाहन असू शकते. बँकेच्या धनादेशालाही मुदत असते. प्राण घेण्याच्या परवानगीला ती असलीच पाहिजे. तसेच लिंक परत येते तेव्हा पलीकडे आपलाच माणूस आहे, याची खात्री विमानाने कशी करायची आणि तुटलेल्या काळात साठून राहिलेले जुने आदेश पाळायचे की टाकून द्यायचे, हेही आधी लिहून ठेवावे लागते. इराकमध्ये बंडखोरांनी प्रेडेटरची सांकेतिक न केलेली चित्रे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सॉफ्टवेअरने पाहिली होती, हे डिसेंबर 2009 मध्ये उघड झाले. दुव्याची सुरक्षा ‘नंतर पाहू’ म्हणून सोडल्याचा तो परिणाम होता.

तिसरी तक्रार रचनाकारांबद्दल आहे आणि ती मी स्वतःवरही घेतो. वैमानिक काढून टाकला की त्याचे आसन, प्राणवायू, बाहेर फेकणारी यंत्रणा आणि कॉकपिट हे सारे वजन वाचते, असे आपण प्रत्येक सादरीकरणात सांगतो. वैमानिकाबरोबर एक अत्यंत तरबेज सेन्सरही आपण काढून टाकतो, ही गोष्ट मात्र सादरीकरणात येत नाही. जळकट वास, आसनातून जाणवणारी वेगळी थरथर, इंजिनाच्या आवाजातला किंचित बदल, पंखावर साचू लागलेला बर्फ, यांतले काहीही टेलिमेट्रीच्या यादीत मुद्दाम घातल्याशिवाय जमिनीवर कळत नाही. शेपटीविरहित, नुसत्या पंखासारख्या आकाराचे विमान तर नियंत्रण-संगणकाच्या अखंड दुरुस्तीवाचून हवेत नीट राहू शकत नाही; तिथे एक सेन्सर खोटे बोलू लागला तर ते ओळखायला दुसरा आणि तिसरा लागतो. वाचलेले वजन असे परत खर्च होते आणि ते तसे झालेच पाहिजे. खर्चाच्या अंदाजात ते दाखवले जात नाही, म्हणून पुढे पैसे कमी पडू लागले की याच जादा सेन्सरवर आणि याच चाचण्यांवर कात्री चालते. ग्लोबल हॉक हे टेहळणी विमान 1990च्या दशकात प्रत्येकी 1 कोटी डॉलरमध्ये देण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षातला खर्च त्याच्या अनेक पटींनी वाढला. स्वस्ताईचे आश्वासन देऊन मंजुरी मिळवली, की पुढे तडजोड सुरक्षिततेच्या पोटातून होते.

चौथी तक्रार सॉफ्टवेअरच्या तपासणीबद्दल आहे. अमेरिकेत एक्स-62ए या बदललेल्या एफ-16 विमानावर शिकणाऱ्या सॉफ्टवेअरने खऱ्या एफ-16 शी जवळची हवाई झुंज दिली, ही 2023 मधली कामगिरी मोठीच होती. त्या कार्यक्रमात 21 चाचणी-उड्डाणांच्या काळात उड्डाणाच्या दृष्टीने कळीच्या सॉफ्टवेअरच्या 1,00,000 हून अधिक ओळी बदलल्या गेल्या, असे तिथल्याच संस्थेने सांगितले आहे. विमानात नियंत्रण हाती घेऊ शकणारे सुरक्षा-वैमानिक बसलेले होते, म्हणून ही गती शक्य झाली. कॉकपिटच नसलेल्या विमानावर तोच वेग लावायचा म्हटला, तर प्रत्येक बदलानंतर आधीच्या चाचण्यांचा किती पुरावा अजून लागू राहतो, हे ठरवणारी पद्धत हवी. पूर्वी पंखाचा सांगाडा मोडेपर्यंत ताणून पाहिला, की त्याचा निकाल वर्षानुवर्षे टिके. आजचा निकाल उद्याच्या आवृत्तीला लागू पडेलच असे नाही. लिंक गेली, त्याच वेळी जीपीएस गेले, इंधन कमी आहे, शेजारी मानवचालित विमान आहे आणि शस्त्रकप्पा उघडा आहे, अशा जोड्या सिम्युलेटरवर हजारोंनी तपासता येतात. पण सिम्युलेटरला आपण जे शिकवले नाही ते तो दाखवत नाही. आमच्या सिम्युलेटरमध्ये तो जुना परतीचा बिंदू कधीच नव्हता.

पाचवी तक्रार ‘निर्णय माणसाच्याच हाती आहे’ या वाक्याबद्दल आहे. ‘मानवरहित’ या शब्दाने माणूस नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते आणि तो नेमका कुठे आहे हे सांगण्याचे टाळता येते. 12 ऑगस्ट 1944 रोजी स्फोटकांनी भरलेले एक बॉम्बफेकी विमान दूरनियंत्रणाने लक्ष्यावर नेण्याच्या मोहिमेत ते हवेत चढवण्यासाठी वैमानिक व त्याचा सहकारी असे दोघे आत बसले होते. उडी मारण्याआधीच स्फोट झाला आणि जोसेफ केनेडी धाकटे व विलफर्ड विली हे दोघे ठार झाले. कागदोपत्री ते मानवरहित शस्त्र होते. याउलट माणूस साखळीत असला म्हणजे निर्णय त्याचाच असतो, असेही नाही. 23 मार्च 2003 रोजी इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्राने परतणारे ब्रिटिश टोर्नेडो विमान पाडले आणि त्यातले वैमानिक व दिशादर्शक असे दोघे गेले. यंत्रणेने त्या विमानाची गणना रडारवर चालून येणाऱ्या क्षेपणास्त्रात केली होती आणि समोरच्या माणसांपाशी निर्णयाला सुमारे एक मिनिट होता. यंत्राने सांगितलेले नाकारायला ज्याच्याजवळ ना वेळ ना वेगळी माहिती, त्याच्या हाती निर्णय आहे असे म्हणणे बरोबर नाही. पुरेसा वेळ असूनही चूक होते, हे 29 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमध्ये दिसले. एका मोटारीवर कित्येक तास नजर ठेवून केलेल्या ड्रोन हल्ल्यात 10 नागरिक मारले गेले, त्यांत 7 मुले होती. माणूस असूनही असे घडत असेल, तर माणसाचा सहभाग कमी करताना आपल्याला किती जास्त पुरावा मागितला पाहिजे, याचा विचार करावा.

अपघाताच्या अहवालांबद्दल थोडक्यात सांगतो. 25 एप्रिल 2006 रोजी अमेरिकेत नोगालेसजवळ सीमेवर गस्त घालणारे एक प्रेडेटर-बी कोसळले. दोन शेजारशेजारच्या नियंत्रण-पटलांवर एकसारखाच तरफेचा दांडा होता. एका पटलावर तो कॅमेऱ्याचे छिद्र लहानमोठे करी आणि दुसऱ्यावर इंजिनाचे इंधन तोडी. पटल बदलताना चेकलिस्ट पाळली गेली नाही, दांडा चुकीच्या जागी राहिला आणि इंजिन बंद पडले. वैमानिकाची चूक झाली, असे म्हणून त्या चौकशीने हात झटकले नाहीत. पटलाची रचना, प्रशिक्षण, देखरेख या सर्वांची झाडाझडती घेऊन 22 शिफारशी जाहीरपणे दिल्या गेल्या आणि आज मी त्या इथे सांगू शकतो. लष्करी विमानांची गुपिते असतात, हे मला मान्य आहे. चुकीच्या जागी बसवलेला दांडा किंवा न पुसलेला परतीचा बिंदू ही गुपिते नव्हेत. ती झाकून ठेवली की पुढचा गट तीच चूक नव्याने करतो आणि पुन्हा एखाद्या तंत्रज्ञाची बदली होते.

हे सारे जमू शकते, याचा पुरावाही आहे. 10 जुलै 2013 रोजी एक्स-47बी हे मानवरहित विमान विमानवाहू जहाजावर दोनदा उतरले. तिसऱ्या खेपेला त्याच्या एका दिशादर्शक संगणकात बिघाड झाल्याचे त्याने स्वतःच ओळखले, जहाजाकडे जाणे सोडले आणि आधीच ठरवून ठेवलेल्या किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर जाऊन उतरले. त्या दिवशीच्या बातम्यांत पहिल्या दोन उतरणी गाजल्या. माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाई ते तिसरे, जहाजावर न झालेले उतरणे होते. आपली चूक ओळखून ठरलेले सुरक्षित काम करणारे विमान घडवता येते. त्यासाठी ते वर्तन आधी ठरवावे लागते आणि आधी तपासावे लागते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. लिंक तुटणे, जीपीएस जाणे आणि खोटा संदेश मिळणे या परिस्थितींच्या चाचण्या, एकेकट्या आणि एकत्रित, उत्तीर्ण झाल्याशिवाय विमानाला खरे शस्त्र जोडू नये. ही अट मंजुरीच्या मूळ कागदातच असावी, म्हणजे आढावा बैठकीत ती एका ओळीने पुढे ढकलता येणार नाही.

2. लिंक तुटल्यावर विमान काय करील, याचा लेखी दस्तऐवज प्रत्येक प्रकारच्या मोहिमेसाठी वेगळा असावा आणि त्यावर ते विमान वापरणाऱ्या दलाच्या प्रमुख अधिकाऱ्याची सही असावी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2012 च्या निर्देशात लिहिले होते, की अर्धस्वायत्त शस्त्रप्रणालीने संपर्क तुटल्यावर माणसाने आधी न निवडलेले लक्ष्य स्वतः निवडून त्यावर मारा करू नये. निदान एवढा नियम प्रत्येक प्रकल्पाने आजच स्वीकारावा.

3. मारा करण्याच्या प्रत्येक परवानगीला सेकंदांत मोजलेली मुदत असावी. मुदत संपली की परवानगी संपली, मग लिंक असो वा नसो.

4. चाचणी थांबवण्याचा अधिकार असलेला गट प्रकल्प-संचालकाच्या हाताखाली नसावा. ज्याच्यावर तारीख पाळण्याची जबाबदारी आहे, त्याच्याच हाती तारीख पुढे ढकलण्याचा निर्णय राहिला तर काय होते, ते मी पाहिले आहे.

5. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम 36 प्रमाणे नव्या शस्त्राची कायदेशीर तपासणी रचनेच्या टप्प्यापासून व्हावी. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत लक्ष्यनिवडीला स्पर्श करणारा बदल झाला, की ती पुन्हा व्हावी. शस्त्राच्या वापराची जबाबदारी माणसाचीच राहते, ती यंत्राकडे सोपवता येत नाही, हे तत्त्व 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत सदस्य देशांनी मान्य केले आहे. त्याप्रमाणे प्रत्येक मोहिमेसाठी उत्तरदायी व्यक्तीचे नाव आधीच नोंदवलेले असावे.

6. प्रत्येक अपघाताची कारणे, गोपनीय तपशील वगळून, ठरावीक मुदतीत जाहीर व्हावीत. एखाद्याची चूक नोंदवताना, ती चूक यंत्रणेने का पकडली नाही, याचेही उत्तर त्याच अहवालात असावे.

शत्रू थांबणार नाही, असे उत्तर मला अपेक्षित आहे. तो थांबणार नाही हे खरेच आहे आणि तो सर्वांत आधी लिंकवरच घाव घालणार आहे. त्या घावानंतर काय होईल हे न तपासलेले विमान लवकर तयार झाले, तर ते त्याच्यासाठीच लवकर तयार झालेले असेल.

आणखी एक विनंती आहे. ज्या संस्थेत मी काम केले तिथे हे पत्र वाचले जाईल, असा माझा विश्वास आहे. तिथल्या त्या अपघाताची फाइल पुन्हा उघडावी, माझे टिपण चौकशीच्या कागदपत्रांना जोडावे आणि त्या तंत्रज्ञाच्या सेवापुस्तकातला शेरा काढून टाकावा. त्याने भरलेली फाइल तपासणे हे माझ्या गटाचे काम होते आणि तशी पडताळणी असावी हे मला अपघातानंतर सुचले, आधी नाही. माझी साक्ष लेखी हवी असेल तर मी ती देईन.

आपला,
एक निवृत्त उड्डाण-चाचणी अभियंता